दुसरी ट्रायल

३ नोव्हेंबर

ती. सौ. मावशीस,
भुंगीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आधी तक्रार. तू फोन उचलणार नाहीस हे माहीत असूनही मी करते आणि मग आईची बोलणी खाते. तिला त्या घंटीचा आवाजसुद्धा सोसत नाही, तू कशाला छळतेस, असं आई म्हणते. म्हणून हे पत्र. माझं अक्षर वाचताना तुझे डोळे फुटले तर दोष फोनचा, माझा नाही.

आता बातमी. शाळेने यंदाही बारावीच्या मुलांना कार्यानुभवासाठी बाहेर पाठवायचं ठरवलंय. डिसेंबर संपेपर्यंत सकाळी शाळा आणि दुपारी खरंखुरं काम. मला रक्त तपासायच्या लॅबमध्ये जायचं होतं, पांढरा कोट घालून मिरवायला. ती जागा पटकावली माझ्या मैत्रिणीने, जिला सुई बघून चक्कर येते! आणि मला काय मिळालं? शिंप्याचं दुकान. सुया माझ्याच नशिबी आल्या, पण कोट नाही.

दुकान तुझ्या ओळखीचं आहे. पुलाखालचे मास्तर, जाड चष्मेवाले. तुम्ही इथे राहत होतात तेव्हा तुमच्या घरचे कपडे तिथेच शिवायला जायचे ना? माझ्या कार्यानुभवाच्या बाईंना वाटलं की हिला शिवणाची आवड आहे. आवड कुठली आलीय, तू लहानपणी मला मांडीवर दाबून बसवून टाके शिकवलेस, त्याची ही फळं!

एक अट मात्र कठीण आहे. प्रत्येकाने एक तरी काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण करायचं आणि जानेवारीतल्या कार्यक्रमात ते शाळेच्या हॉलमध्ये सगळ्यांपुढे मांडायचं. अर्धवट काम चालणार नाही, असं बाईंनी दोनदा सांगितलं. मास्तर तर मला कात्रीसुद्धा धरू देत नाहीत. बघू.

काकांना नमस्कार. उत्तर टाकलं नाहीस तर रोज फोन करीन.

तुझी लाडकी (दुसरी कोणी असेल तर कळव),
भुंगी


९ नोव्हेंबर

चि. भुंगीस,
मावशीचे अनेक उ. आ.

धमकी पोचली, उत्तर पाठवते आहे. अक्षर खरंच कोंबडीने पाय ओढल्यासारखं आहे. टाके त्याहून बरे काढतेस म्हणून देवाचे आभार.

कार्यानुभव हा शब्द वाचला आणि पत्र बाजूला ठेवलं. खोटं कशाला बोलू. माझ्या पोरालाही, तुझ्या उंटदादाला, असंच पाठवलं होतं, बसच्या वर्कशॉपमध्ये. रोज संध्याकाळी कोपरापर्यंत काळा होऊन यायचा आणि मुद्दाम माझ्या पदराला हात पुसायचा. एक दिवस सायकलवरून वर्कशॉपला निघाला, आणि दुपारी तो फोन आला. तू तेव्हा सातवीत होतीस, तुला आठवत असेल. म्हणून लॅबची जागा गेली त्याचं तुला वाईट वाटलं तरी मला बरंच वाटलं. दुकान घरापासून चालत जाण्यासारखं आहे. फार तर सुई टोचेल. रस्ता मात्र दोन्हीकडे बघून ओलांड. हसू नकोस.

बोटात अंगुस्ताना घाल. तो अडचणीचा वाटतो म्हणून सगळ्या मुली काढून ठेवतात आणि मग रडतात. मास्तर तोंडाने फटकळ आहेत पण कपड्याशी खोटं वागत नाहीत. त्यांच्याकडे शिकलेलं वाया जायचं नाही. दुकानाच्या मागे पडदा लावलेली एक छोटी खोली होती, ती अजून तशीच आहे का? त्यांना माझा नमस्कार सांग. एवढंच सांग, बाकी काही बोलायची गरज नाही.

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, मोठी बहीण असलीस तरी माझं ऐक आणि जिने चढणं कमी कर.

तुझे काका मजेत आहेत. मीही जेवते खाते, रोज विचारत जाऊ नका.

लाडक्यांच्या यादीत सध्या तू एकटीच आहेस, उगाच फुगू नकोस.

मावशी


१८ नोव्हेंबर

ती. सौ. मावशीस,
भुंगीचा सा. न. वि. वि.

अंगुस्ताना घालते. घालायला लागले ते रक्त काढून झाल्यावर, पण घालते.

दुकान अजून तसंच आहे, जरा जास्तच तसंच. समोर लांब टेबल, त्यावर मास्तर. टेबलाखाली चिंध्यांचं पोतं, त्यावर दुकानाचं मांजर. खिडकीपाशी काजवाली बाई बसते. दिवसभर हाताने काजं करते आणि तोंडाने सुनेच्या तक्रारी. एकही टाका चुकत नाही आणि एकही तक्रार सुटत नाही. मला उसवायचं काम दिलंय. जगातल्या सगळ्या जाड माणसांच्या पँटी मीच उसवते आहे असं वाटतं.

मास्तरांची पद्धत तुला माहीतच असेल. कोटाचं माप ते कधीच लिहून ठेवत नाहीत. लिहिलेलं माप मेलेलं असतं म्हणतात. कापड बेतून कच्च्या टाक्यांनी जोडतात, माणसाला ते अंगावर घालून उभं करतात आणि मग खडूने खुणा करतात. कुठे खांदा उतरलाय, कुठे पोट सुटलंय, सगळं त्या खडूत. ही झाली पहिली ट्रायल. मग त्या खुणांवरून दुरुस्ती, मग दुसरी ट्रायल, आणि ती झाल्याशिवाय पक्की टीप म्हणून मारायची नाही. परवा एक गिऱ्हाईक घाई करत होतं, त्याला मास्तरांनी अस्सा झापला की तो बिचारा उलट माफी मागून गेला.

पडद्यामागची खोली आहे. तुझा नमस्कार सांगितला तर मास्तरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि मग मलाच ओरडले की अशी टकामका बघत काय उभी राहिलीस, काम कर. तुझा नमस्कार मला असा महागात पडला.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ते घरी राहतील तोवर दुकान काजवाली बाई बघणार. मला हॉलमध्ये मांडायला अजून काही मिळालेलं नाही, पण एक जबरदस्त कल्पना सुचली आहे. ती तुझ्यासाठीच आहे. विचारू नकोस, सांगणार नाही.

आईचा गुडघा आणि आईचा हट्ट, दोन्ही जिथल्या तिथे.

मायेत कपात करू नये ही विनंती.

भुंगी


२४ नोव्हेंबर

चि. भुंगीस,
मावशीचे अ. उ. आ.

विचारू नकोस म्हणालीस म्हणून विचारत नाही, नुसता तर्क करते. ब्लाउज शिवत असशील तर हिरवा नको. पिशवी शिवत असशील तर मोठी शीव, तुझे काका बाजारातून डोंगर उचलून आणतात. दोन्ही नसेल तर माझी हार.

तुझी पत्रं मी काकांना मोठ्याने वाचून दाखवते. काजवाल्या बाईला ते माझी जुळी बहीण म्हणतात. त्यांच्याशी दिवसभर अबोला धरला होता, पण चहाच्या वेळी मलाच हसू फुटलं. असं हसू या घरात खूप दिवसांनी आलं, म्हणून तुला मुद्दाम लिहिते.

दरवर्षी जानेवारीत तुमच्याकडे येते तशी यंदाही येईन. यंदा तुझा कार्यक्रम बघूनच येण्याचा दिवस ठरवू. शाळेच्या त्या हॉलमध्ये पुन्हा पाय टाकेन असं वाटलं नव्हतं. पण तू मांडणार आणि मी बघायला नसेन, हे बरं दिसायचं नाही. त्या फेरीत मास्तरांकडेही डोकावून येईन. त्यांच्या डोळ्याचं कसं झालं ते कळव. कसले पदार्थ खाऊ नयेत ते डॉक्टर सांगतात, पण वाकू नये हे त्यांना कोणीतरी दटावून सांगायला हवं. ते तू कर.

काळजी घे, आणि पुढच्या पत्रात कोंबडीला जरा सरळ चालव.

मावशी


२८ नोव्हेंबर

ती. सौ. मावशीस,
भुंगीचा शि. सा. नमस्कार.

हार मान. ब्लाउज नाही, पिशवी नाही.

बाबांच्या ऑफिसातले एकजण तुमच्या गावाला निघालेत, त्यांच्या हाती हा खोका देते. जानेवारीपर्यंत माझ्या पोटात ही गोष्ट राहायची नाही, फुटेन मी. पत्र आधी वाच, मग खोका उघड. (तू उलटच करशील म्हणा.)

पडद्यामागची खोली झाडायला गेले होते. तिथे एक दांडी आहे, आणि तिच्या अगदी टोकाला, मलमलीच्या फडक्याखाली, एक कोट लटकत होता. गडद निळा. नुसत्या कच्च्या टाक्यांवर उभा. मास्तर गिऱ्हाइकाची चिठ्ठी टाचतात, तिच्यावर लिहिलं होतं, उंट. मावशी, ती चिठ्ठी मी दोनदा वाचली. शाळेच्या त्याच कार्यक्रमात घालायला दादा कोट शिवून घेणार होता ना? सगळ्यांना सांगत सुटला होता की वर्कशॉपवर बोलायला उभा राहीन तर साहेबासारखा. तोच हा. त्याची एक ट्रायल झाली आणि मग तो गेलाच. कोट तिथेच राहिला. न्यायला जायचं कोणाला धाडस झालं नसणार, आणि मास्तरही तो टाकू शकले नसणार. इतकी वर्षं बिचारा अर्धवट लोंबकळतोय. मला फार वाईट वाटलं.

मग मी ठरवलं की हा मी पुरा करणार. काजवाल्या बाईने विचारलं की मास्तरांनी सांगितलंय का, तर मी हो म्हणून टाकलं. एवढं एक खोटं. मग तीही हौसेने मागे लागली. बाह्या तिने बसवून दिल्या, काजं तिचीच. बाकी सगळं माझं. खांद्यावरच्या खुणेप्रमाणे शिवण घेतली, अस्तर हाताने लावलं, तू शिकवलेल्या बारीक टाक्यांनी. मग पांढरे कच्चे दोरे एकेक करून ओढून काढले. खडू ब्रशने झाडला आणि ओलं फडकं ठेवून वाफेची इस्त्री केली. आता बघ, एक खूण सापडायची नाही. आजच दुकानातून आणलाय असं वाटेल. बाई म्हणाली की मी पोटापाण्याची काळजी करू नये, हातात कला आहे.

येताना कोट घेऊन ये. आपण दोघी मिळून तो हॉलमध्ये मांडू. खाली दादाचं नाव लिहू, आणि माझं अगदी बारीक. त्याचं भाषण राहिलं, निदान त्याचा कोट तरी तिथे पोचेल.

मास्तरांना अजून सांगितलेलं नाही. डोळ्यावरची पट्टी सुटली की येतील, तेव्हा त्यांनाही चकित करते.

लवकर लिही. माया आहे तेवढी पुरे, यावेळी जरा कौतुकही धाड.

तुझी,
भुंगी


११ डिसेंबर

ती. मावशी,
नमस्कार.

तुझं पत्र नाही. काकांनी बाबांना फोनवर एवढंच सांगितलं की खोका मिळाला, आणि ती बोलत नाहीये. मी रोज फाटकाशी जाऊन उभी राहते.

मास्तर परवा आले. आल्या आल्या आधी पडद्यामागे गेले. एका डोळ्यावर अजून पट्टी होती, दुसऱ्याने त्यांना धड दिसत नाही, म्हणून ते दांडीवरून हात फिरवत शेवटच्या टोकापर्यंत गेले. तिथे नुसतं मलमलीचं फडकं हाताला लागलं. मी मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितलं. सगळं सांगितलं, दोरे, खडू, इस्त्री. मला वाटलं होतं ते ओरडतील आणि मग शाबासकी देतील. ते ओरडलेच नाहीत. ते तिथेच जमिनीवर बसले आणि मला म्हणाले की पोरी, काय केलंस हे.

मग त्यांनी सांगितलं. तू दरवर्षी येतेस आणि आईला जुन्या शेजारणींकडे जाते म्हणून सांगून निघतेस, ती कुठे जातेस ते. पडद्यामागे स्टुलावर बसतेस. मास्तर फडकं काढतात आणि बाहेर जातात. तू कोटाला हात लावत नाहीस, खडू पुसला जाईल म्हणून. नुसती बघत बसतेस. डाव्या खांद्यावर फुली होती, कारण दादाचा डावा खांदा उतरलेला होता. उजव्या बाहीवर खुणेची रेघ वाकडी गेली होती, कारण मास्तर सरळ उभं राहा म्हणत होते आणि तो हसत होता. मला ती रेघ दिसली होती, मावशी. मला वाटलं मास्तरांचा हात हलला असेल. मी ती आधी झाडली.

मास्तर म्हणाले की तूच त्यांना सांगितलं होतंस, कोट पुरा करू नका. एक ट्रायल अजून राहिली आहे, ती राहू दे. कच्चे दोरे कुजले की मास्तर स्वतः नवे घालायचे, त्याच भोकांतून, खडूला धक्का न लावता.

मी त्यांच्या पाया पडले आणि म्हटलं की तुम्ही खुणा पुन्हा करा, तुम्हाला आठवतच असतील. ते नाही म्हणाले. आठवून खूण करता येईल, पण अंगावर कोट असल्याशिवाय काढलेली खूण खोटी, आणि तुझ्यापुढे खोटा खडू धरायला त्यांचा हात धजायचा नाही. वहीत माप नाही, कागदावर काही नाही. जे होतं ते त्या कोटावरच होतं आणि ते मी झाडून टाकलं.

खरं ते लिहिते. निम्मं मी तुझ्यासाठी केलं आणि निम्मं त्या हॉलसाठी. पूर्ण झालेलं काम पाहिजे होतं मला. मी मास्तरांना घरी जाऊन एकदा विचारलं असतं तरी चाललं असतं. ते पुलापलीकडेच राहतात. मला विचारायचं नव्हतं, कारण ते नाही म्हणाले असते तर माझ्याकडे मांडायला काही उरलं नसतं.

बाईंना सांगून टाकलंय की माझं काहीच पूर्ण झालं नाही. त्या रागावल्या. रागावू देत. काजवाली बाई तर माझ्याशी आणि स्वतःशीही बोलत नाही, सुनेच्या तक्रारीसुद्धा बंद आहेत. मी दुकानात जाते, कारण मास्तर म्हणाले की जायचं नाही असं करू नकोस. मी उसवत बसते.

मला रागव. तुझ्या तोंडातून जे येईल ते लिही, पण लिही. तू गप्प बसलीस की मला काही सुचत नाही. मावशी, मला माहीत नव्हतं गं.

तुझी माया मागायला तोंड नाही.

भुंगी


३ जानेवारी

चि. भुंगीस,
आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. चार वेळा लिहायला बसले आणि चारही वेळा फाडलं. तुझं खोक्यातलं पत्रही फाडलं. आधी खोका उघडला होता, तू म्हणालीस तसं उलटच.

रागव म्हणालीस. रागावले होते. इतकी की तुझं नाव काढलं तर काकांच्या अंगावर धावून जात होते. त्याच्या सायकलला धडकलेल्या त्या ट्रकवाल्यावर सुद्धा मी एवढी चिडले नव्हते. तो परका होता. तू माझ्या मांडीवर बसून टाके शिकलीस.

तुझा हेतू वाईट नव्हता, हे मला पहिल्या क्षणापासून माहीत आहे. त्याने काही सोपं होत नाही. सगळे जण मला हेच समजावतात आणि मी मान डोलावते. माझंही चुकलंच, कोणाला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुझ्या आईने डोक्यावर परिणाम झालाय म्हटलं असतं, आणि वेड तर ते होतंच. मला काही समजत नव्हतं असं नाही, गं. तो येणार नाही हे मला ठाऊक होतं. पण वर्षातून एकदा त्या स्टुलावर बसलं की एवढंच वाटायचं की शिंप्याकडे काम पडलं आहे, पोराला बोलावणं येईल, चल, दुसऱ्या ट्रायलला ये. तेवढा वेळ मी नुसती त्याची आई असायचे, दुकानात ताटकळत बसलेली. आता कोट तयार झाला. आता कोणाला बोलवायचं राहिलं नाही.

काकांनी परवा विचारलं की यंदा जायचं का. मी म्हटलं, कुठे जाऊ? तुमच्या गावाला यायला मला तेवढं एकच कारण होतं, बाकीचं सगळं वरवरचं. तुझ्या कार्यक्रमाला मी येणार नाही. कोटही पाठवणार नाही. तो आमच्या कपाटात टांगला आहे. बघितला की कोणाच्याही मुलाचा वाटतो. वास इस्त्रीचा येतो.

मास्तरांना सांग की त्यांच्यावर माझा राग नाही, आणि डोळ्यांत औषध घालायचं चुकवू नका. काजवाल्या बाईलाही सांग. सुनेवर तोंडसुख घेणं तिने सुरू करावं, तिची तब्येत त्यावरच चालते. आणि तू शिवण सोडू नकोस. हे मी मोठेपणाने लिहीत नाही, मला मोठेपणा आता परवडत नाही. तुझा हात खरंच चांगला आहे, म्हणून लिहिते.

तो कोट आल्या दिवसापासून मी रोज उलटा करून बघते. अस्तराखाली बोट घालून, बाहीत, मुंढ्यात, कॉलरच्या आत, खिशाच्या शिवणीत. चष्मा लावून खिडकीशी बसते. फुली गेली, ती वाकडी रेघ गेली, ते सगळं गेलं, निदान एखादा पांढरा कच्चा दोरा कुठेतरी अडकून राहिला असेल म्हणून शोधते. घाईत पोरीबाळी हमखास विसरतात. तू विसरली नाहीस. फार नीट काम केलंस, भुंगे. एक तरी दोरा विसरायचा होतास.

लोभ आहे, तो कुठे जात नाही. फक्त इतक्यात त्याला हात लावू नकोस.

तुझी मावशी